बाल्कनीतल्या बाटल्या आणि बाबांची फियाट

ताई,

मी नेरुळला राहतो. वय ३९, ऐरोलीत आयटीतली नोकरी. घरी आई, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. मध्यंतरी कंपनीनं दोन वर्षं अमेरिकेला पाठवलं होतं. तिथला माझा घरमालक आपल्या गॅरेजमध्ये एका बाजूला बिअर बनवायचा आणि दुसऱ्या बाजूला जुनी गाडी खोलून बसायचा. शनिवार-रविवार मी त्याच्या हाताखाली असायचो. परत आलो तो ही दोन्ही वेडं घेऊनच.

आता बाल्कनीत वीस लिटरचा कॅन आहे आणि खाली स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, बाबांची १९८४ ची फियाट, प्रीमियर पद्मिनी. बाबांना जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून गाडी जागची हललेली नाही. कार्बोरेटर मी खोललाय, त्याचे भाग तीन डब्यांत आहेत. डॅशबोर्डच्या खणात बाबांची वही सापडली. कधी तेल बदललं, किती पेट्रोल भरलं, सगळं तारीखवार.

मे महिन्यात कॅनमधला फेस सहाव्या दिवशी बसला म्हणून बाटल्या भरल्या. त्यातल्या दोन एका रात्री फुटल्या, काचा मुलीच्या सायकलपर्यंत गेल्या. अकरा बाटल्या अजून तिथेच आहेत. वर सोसायटीची नोटीस आली, बंद गाडी ३० दिवसांत हलवा. त्यातले ११ दिवस गेले. बायको म्हणते, दोन्हीतलं एक तरी सोड. आई म्हणते, गाडी विकायची तर मी गेल्यावर विक. मला व्यसन नाही, मी बिअर कुणाला विकतही नाही. यातलं काय सोडू? मला ‘तू’ म्हणालात तर बरं वाटेल.

एक नेरुळकर


अरे,

आधी त्या अकरा बाटल्या. बाकीचं उत्तर ते काम उरकल्यावर वाच.

मुलीला आणि आईला आतल्या खोलीत ठेव आणि बाल्कनीचं दार लावून घे. काम पहाटे कर. रात्रभरात बाटल्या निवलेल्या असतात आणि गार द्रवात वायू जास्त विरघळून राहतो, म्हणून आतला दाब त्या वेळी सगळ्यात कमी असतो. अंगावर पूर्ण बाह्यांचं जाड जॅकेट, जीन्स, पायात बूट, हातात चामड्याचे मोजे आणि डोळ्यांवर ग्राइंडिंग करणारे लावतात तसा गॉगल हवाच. बाटल्यांना हात लावण्याआधी क्रेटवर जुनी जाड गोधडी टाक. गोधडीवरून आधी साधं पाणी ओत, मग गार, मग बर्फ. तापलेल्या काचेवर एकदम बर्फ पडला तर ती तिथेच तडकेल. पाच-सहा तास तसंच राहू दे. नंतर एकेक बाटली जागच्या जागी धर, मानेला टॉवेल गुंडाळ, चेहरा बाजूला ठेव आणि बूच जरासं उचलून वायू सोड. फुसफुस थांबली की पूर्ण उघड आणि मोरीत ओत. बंद बाटली उचलून फ्रीजपर्यंत न्यायची नाही. कचऱ्याच्या पिशवीत तर मुळीच टाकायची नाही, कारण मग ती तुझ्याऐवजी कचरा उचलणाऱ्याच्या हातात फुटेल.

त्या का फुटल्या हे तुला कळायला हवं. मी ३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. लिटरभर द्रवात चार ग्रॅम साखर आंबली की साधारण एक लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. नेहमीच्या बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या दोन ते अडीच पट वायू असतो आणि बाटली तेवढ्यासाठीच बनवलेली असते. तुझ्या बिअरमध्ये लिटरमागे वीस ग्रॅम साखर आंबायची राहिली असेल, तर बाटलीत पाच पट वायू झाला. फेस बसणं म्हणजे आंबणं संपणं नव्हे. हायड्रोमीटरचं, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीचं, माप लागोपाठ दोन-तीन दिवस तेच आलं तर संपलं म्हणायचं. शिवाय तू वापरतोस ते यीस्ट १८ ते २२ अंशांत सुखानं काम करतं. नेरुळच्या बाल्कनीत मे महिन्यात ते मिळणार कुठून? उष्णतेत यीस्ट आधी धावतं, मग दमून बसतं, आणि बाटलीत गेल्यावर पुन्हा जागं होतं.

आता तुझा प्रश्न. बिअर बनवणं तुला थांबवावं लागेल.

‘मी विकत नाही’ हे तू दोनदा मनाशी म्हटलं असशील, पत्रात एकदाच लिहिलंस. पण महाराष्ट्र दारूबंदी कायदा विक्रीइतकाच बनवण्याबद्दलही आहे. हा १९४९ चा कायदा, आधी मुंबई दारूबंदी कायदा म्हणून ओळखला जायचा. परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा त्यात गुन्हा आहे. घरापुरतं केलं, थोडंच केलं, मित्रांना पाजलं, अशी सूट त्यात नाही. आपल्याकडे पिण्यासाठीसुद्धा परवाना लागतो, बिअर-वाइनला वयाची अट २१ आणि कडक दारूला २५. तुझा घरमालक ज्या जमिनीवर उभा होता ती वेगळी होती. अमेरिकेत १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानं घरगुती बिअरला मोकळीक दिली. एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन प्रौढांच्या घराला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर. आणि तिथेही राज्यांनी होकार द्यावा लागला. मिसिसिपी आणि अलाबामा या दोन राज्यांत २०१३ पर्यंत घरी बिअर बनवणं बेकायदाच होतं.

मला स्वतःला वाटतं की वीस लिटरच्या हौशी कॅनला आणि हातभट्टीला एकाच मापानं मोजू नये. हा कायदा बदलावा असं तुला वाटत असेल तर तशी मागणी कर, मी सही करीन. पण तो बदलेपर्यंत तुझ्या बाल्कनीतला कॅन हा तुझ्या एकट्याचा धोका नाही. घर आईचं आहे, बायकोचं आहे. दारावर कुणी आलं तर दार त्याच उघडणार आहेत.

शेजाऱ्यांच्या मनात काय येतं तेही समजून घे. ‘घरात दारू काढतो’ हे शब्द कानावर पडले की मुंबई-ठाण्याच्या माणसाला मालाडच्या मालवणीतलं २०१५ चं विषारी दारूकांड आठवतं. शंभरहून जास्त माणसं गेली तेव्हा. तुझी बिअर आणि ते विष यांचा संबंध नाही, तिथे मिथेनॉल होतं आणि सातूच्या बिअरमध्ये ते नावापुरतंच तयार होतं. पण हे तू जिन्यात उभं राहून किती जणांना समजावशील?

राहिला प्रश्न हाताला आलेल्या कौशल्याचा. ते फुकट जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

तू माल्ट विकत आणतोस ना? धान्य भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं, मोडांची शेपटं चोळून काढायची. हेच तुझ्या आईनं तुझ्यासाठी केलेलं असणार. नाचणीचं सत्त्व म्हणजे दुसरं काय? रात्रभर भिजलेली नाचणी फडक्यात बांधून दीड दिवस ठेवली की तिच्यात अमायलेज नावाचं विकर जागं होतं आणि पिठूळ भागाची साखर करायला लागतं. म्हणून सत्त्वाची खीर पातळ राहते, बाळाच्या घशाखाली सहज उतरते, आणि तेवढ्याच वाटीत जास्त नाचणी पोटात जाते. तू ६५ अंशांच्या पाण्यात तासभर सातू ठेवून जे साधत होतास ते हेच. मुलीला बरोबर घे. एका वाटीत मोडाची नाचणी आणि एकीत बिनमोडाची, दोन्हींची खीर कर आणि चमचा कुठे उभा राहतो ते तिला बघू दे. आईकडून आंबील शीक. थर्मामीटर आणि वही घेऊन शीक, तुला ती सवय आहेच.

उरलेल्या माल्टचं पाणी काढ, उकळ, गार कर, यीस्ट न घालता दोन दिवसांत पिऊन टाक. चोथा वाळवून दळ आणि थालीपिठाच्या भाजणीत मिसळ. फ्रीजरमधले हॉप्स, बिअरला कडवटपणा देणारी ती फुलं, टाकू नकोस. लिटरभर पाणी उकळून दोन-तीन ग्रॅम हॉप्स त्यात दहा मिनिटं मुरू दे, गाळ, लिंबू पिळ, खूप गार कर आणि सोडा मशीनमधून त्यात वायू भर. बिअरचा कडवट वास आणि फेस मिळेल आणि मद्याचा थेंबही नसेल, कारण यात आंबण्यासारखं काही नाहीच. आल्याचा, फळांचा आंबवलेला सोडा मात्र मी तुला सुचवणार नाही. डहाणू-पालघरकडची नीरा सकाळी गोड असते आणि ऊन चढेपर्यंत तिची ताडी होते. साखर आणि यीस्ट एकत्र आले की आपल्याला हवं तिथे थांबत नाहीत, आणि तुझ्या बाल्कनीतल्या उन्हात तर नाहीच.

आता गाडी. तुझ्या पत्रातला ‘गॅरेज’ हा शब्द मला पुन्हा पुन्हा वाचावासा वाटला. तुझ्या घरमालकाचं गॅरेज म्हणजे घराला चिकटलेली खोली. तेल सांडलं तरी चालेल, आवाज झाला तरी चालेल, अर्धवट काम शटर ओढून तसंच ठेवता येईल. आपल्या मराठीत गॅरेज म्हणजे मिस्त्रीची जागा. आपण तिथे जातो. ती दोन्ही वेडं तू तिकडून उचलून आणलीस, पण खोली तिकडेच राहिली. मग बिअर बाल्कनीत आली आणि कार्बोरेटर डब्यांत.

म्हणून गाडी स्टिल्टमध्ये दुरुस्त करू नकोस. तिथे मुलं खेळतात. टाकीतलं जुनं पेट्रोल काढताना त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि एका ठिणगीवर पेट घेते. बंदिस्त जागेत इंजिन चालू ठेवलं तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वासही नसतो. मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये जा. तुर्भ्याच्या एमआयडीसीत शोध, नाहीतर इकडे ठाण्यात वागळे इस्टेटला. महिन्याच्या भाड्यानं एक कोपरा माग आणि शनिवारी सकाळी नऊ ते एक त्याच्या हाताखाली काम कर. शिकवण्याचे पैसे वेगळे दे आणि ते आधी ठरव. ‘मी मदत करतो म्हणजे मजुरी कमी करा’ असं म्हणू नकोस. शिकाऊ माणसामुळे काम लांबतं, हे प्रत्येक मिस्त्रीला माहीत असतं.

मिस्त्री फियाटवर हात बसलेलाच हवा, आणि म्हणूनच मी म्हणते की आत्ता बिअर सोड, गाडी धर. कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी बाहेर पडणं थांबलं त्याला दोन तपं उलटली. मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर फियाटचे मिस्त्री नाक्यानाक्यावर होते. आवाज ऐकून टॅपेट सैल आहे की पॉइंट जळालाय हे सांगणारी ती माणसं आता साठीच्या पुढे आहेत आणि त्यांच्या मुलांनी स्कॅनर लावायचं काम धरलंय. बिअर बनवायला तू पन्नाशीत, साठीत, कुठल्याही देशात पुन्हा शिकशील, तिची पुस्तकं भरपूर आहेत. पण त्या मिस्त्रीच्या बोटांत जे आहे ते कुठे लिहिलेलं नाही.

माझ्या वडिलांचं वागळे इस्टेटमध्ये लेथचं लहानसं वर्कशॉप होतं. एकदा त्यांनी एक बंद पडलेली फियाट स्वतःसाठी घेतली आणि उत्साहात सगळीच खोलली. इंजिन एका बाकावर, दरवाजे भिंतीला टेकवलेले, सीट पोटमाळ्यावर. मग कामाच्या ऑर्डरी आल्या. सुटे भाग एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जात राहिले, कुठला स्क्रू कुठला ते विसरायला झालं. नऊ वर्षांनी शेड विकली तेव्हा ती गाडी किलोवर गेली. स्टिअरिंग तेवढं वडिलांनी घरी आणलं. ते अजून आमच्या माळ्यावर आहे. तुझे तीन डबे वाचून मला ते आठवलं, म्हणून कळकळीनं सांगते, आता एकही नवीन गोष्ट खोलू नकोस. डब्यांतल्या प्रत्येक भागाचा फोटो काढ आणि चिठ्ठी लाव. जे खोललंय ते बसल्याशिवाय पुढचा पाना उचलायचा नाही.

कामाचा क्रम बहुतेक हौशी लोक उलटा लावतात. आधी इंजिन सुरू करायचं, मग रंग, मग क्रोम, आणि ब्रेक सगळ्यात शेवटी. तू ब्रेकपासून सुरुवात कर. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि तुमच्या खाडीकाठच्या हवेत चार पावसाळे म्हणजे ते पुष्कळ पाणी प्यायलेलं आहे. मास्टर सिलिंडर आणि चाकातले सिलिंडर आतून गंजलेले असणार, रबरी वायसर फुगलेले. सगळे बदल, होज पाइपसकट. ड्रममधली धूळ तोंडानं किंवा हवेच्या दाबानं उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, ओल्या फडक्यानं पुस.

मग पत्रा. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी आणि फरशी मिळूनच तिचा सांगाडा होतो. फरशी सडली म्हणजे हाडच सडलं. जॅक लावायच्या जागा आधी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं टोचून बघ. टोक आत गेलं तर तिथे जॅक लावू नकोस. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. खाली लोखंडी स्टँड हवेतच, मिस्त्री स्वतः शिरत असला तरी तू शिरू नकोस.

इंजिनाची घाई तर करूच नकोस. १०८९ सीसीचं साधं, दणकट इंजिन आहे ते. पण चार वर्षांनी सरळ सेल्फ मारलास तर कोरड्या सिलिंडरवर रिंगा घासतील. चारही प्लग काढ, प्रत्येक भोकात थोडं इंजिन ऑइल सोड, रात्रभर राहू दे, आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रीसमोर पान्यानं पुली हातानं फिरवून बघ. मोकळं फिरलं तर अर्धी लढाई जिंकलास. अडकलं तर जोर लावू नकोस, पुन्हा तेल सोड आणि आठवडाभर थांब.

पेट्रोलबद्दल एक गोष्ट तुला, एका बिअरवाल्याला, खास सांगायची आहे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यातलं काही आपल्या उसाच्या मळीतून आणि रसातून येतं आणि ते बनवणारं यीस्ट म्हणजे तुझ्या कॅनमधलीच सॅकरोमायसिस सेरेव्हिसी ही जात. १९८४ च्या गाडीचे पेट्रोलचे पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची गॅस्केटं या मिश्रणासाठी बनवलेली नव्हती. इथेनॉलनं जुनं रबर मऊ पडतं, चिरतं. ते पाणी ओढून घेतं आणि टाकीच्या तळाची वर्षानुवर्षांची चिकट खळ सोडवून कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, आणून बसवतं. म्हणून टाकी उतरवून माहीतगाराकडूनच साफ करून घे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, तिच्याजवळ वेल्डिंग नको. पाइप इथेनॉल सोसणारे टाक, पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर बसव. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे हवा-पेट्रोलचं मिश्रण थोडं विरळ होतं, तेव्हा मिस्त्रीनं मेन जेट एक नंबर मोठा सुचवला तर तो पैसे उकळतोय असं समजू नकोस. गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर पेट्रोलचा पाइप काढून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालव, अर्थात उघड्यावर.

सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळतील, ऑपेरा हाउसच्या दुकानांत मिळतील. जुना भाग हातात घेऊनच जा, ‘चालून जाईल’ म्हणून दिलेला ब्रेकचा भाग घेऊ नकोस.

बाबांची वही गॅरेजमध्ये ने, पण तिच्या पानांचे फोटो आधी काढून ठेव, तेलकट हात लागतातच. मिस्त्रीच्या दृष्टीनं तो या गाडीचा केस पेपर आहे. ब्रेकचं किट शेवटचं कधी पडलं, कुठलं तेल वापरत होते, लिटरला किती चालत होती, हे सगळं त्यात आहे. बाबा असताना जे मायलेज यायचं ते तुझं उद्दिष्ट ठेव. तिथवर पोहोचलास तर कार्बोरेटर, पॉइंट, टॅपेट सगळं जागेवर बसलं असं समज. रंग आणि क्रोम त्यानंतर, हातात पैसे उरले तर.

कागदपत्रं. मालक वारल्यावर वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी नावावर करायची असते. तुझी मुदत टळलीय, उशिराचं शुल्क भरावं लागेल. मृत्यूचा दाखला, आरसी, आईचं आणि भावंडं असतील तर त्यांचं संमतिपत्र घेऊन ज्या आरटीओत नोंद आहे तिथे जा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची आणि पुढे पाच-पाच वर्षांची. बाबांनी वेळच्या वेळी नूतनीकरण केलं असेल तर ती २०२४ मध्ये संपलेली आहे. म्हणजे ही गाडी आज स्वतःच्या चाकांवर रस्त्यावर आणता येणार नाही. टोइंगच्या सपाट ट्रकवरूनच न्यायची. नूतनीकरणाला तपासणी असते, तिथे ब्रेक बघतात, दिवे बघतात. पर्यावरण कर, पीयूसी, विमा, नवी नंबर प्लेट, हेही ओघानं आलंच. कुणी सांगेल की व्हिंटेजमध्ये नोंदव, सगळे त्रास संपतील. २०२१ च्या नियमात त्यासाठी गाडी पन्नास वर्षांची असावी लागते, तुझी २०३४ मध्ये होईल. शिवाय व्हिंटेज गाडी रोज फिरवता येत नाही.

आणि आता ती, जिच्याबद्दल तू एकच वाक्य लिहिलंस. कॅनबद्दल, फेसाबद्दल, डब्यांबद्दल मला इतकं सांगितलंस, आणि बायकोचं म्हणणं पाच-सहा शब्दांत. ‘एक तरी सोड’ हे ती तुझ्या छंदांवर रागावून म्हणाली असं मला वाटत नाही. काचा मुलीच्या सायकलपर्यंत गेल्या त्या रात्री त्या कुणी वेचल्या? त्यानंतरही अकरा बाटल्या तिथेच आहेत. रोज कपडे वाळत घालायला बाल्कनीत कोण जातं? तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हणाले असते, कदाचित जास्त जोरात.

तिला एकदा बसून सांग की बाटल्या गेल्या, कॅन गेला, बाल्कनी तुझी. मग शनिवारची सकाळ माग, चार तास, आणि तिला हवे तेवढे तास आठवड्यात कुठले ते तिला ठरवू दे. ती त्या वेळात काय करते हे विचारू नकोस. रविवार पूर्ण घरचा. गाडीवर महिन्याला किती खर्च करायचा तो आकडा दोघांनी मिळून ठरवा आणि कागदावर लिहा. त्या महिन्याचे पैसे संपले की त्या महिन्याचं काम थांबेल, भाग अर्धवट बसलेला असला तरी. वर्षभरात ब्रेक आणि इंजिन झालं नाही, तर पुढे काय करायचं हे तुम्ही तिघं मिळून बघा. तिघं म्हणजे आईसुद्धा. ‘मी गेल्यावर विक’ म्हणणाऱ्या बाईला या खर्चाचा आकडा माहीत असायला हवा. तिला सांगितलं नाहीस तर निर्णय तिच्या नावावर राहील आणि ओझं तुझ्या.

सोसायटीचे १९ दिवस उरलेत. सेक्रेटरींशी जिन्यात बोलून भागवू नकोस, पत्र दे आणि पोच घे. एवढंच लिही: ‘आपली नोटीस मिळाली. सदर वाहन माझ्या दिवंगत वडिलांच्या नावे असून ते माझ्या नावावर करण्याची प्रक्रिया मी सुरू करत आहे. वाहन अमुक तारखेला टोइंगने दुरुस्तीसाठी हलवले जाईल. पार्किंगमध्ये सांडलेले तेल मी स्वखर्चाने साफ करून देईन.’ तारीख टाकायच्या आधी मिस्त्री ठरलेला हवा, म्हणून येत्या शनिवारी तुर्भ्याला जा. टायरमधली हवा गेली असेल, चाकं आवळलेली असतील, तेव्हा ट्रकवाल्याला फोनवरच सांग, म्हणजे तो गाडी ओढून चढवायची विंच घेऊन येईल. तेलाच्या डागावर लाकडाचा भुसा रात्रभर पसरून ठेव, सकाळी झाडून घे, मग साबणाचं गरम पाणी. भुसा गटारात नको.

गाडी ट्रकवर चढताना आईला बघू देऊ नकोस, असं घरात कुणीतरी म्हणेलच. मी म्हणते, तिला खाली आण. ट्रक येण्याच्या आदल्या रात्री तिला मिस्त्रीचं नाव सांग, जागा कुठे आहे ते सांग, आणि पुढच्या शनिवारी नऊ वाजता तिलाही रिक्षानं तिथे घेऊन जा.

तुझी,
ताई